प्रतिकारशक्ती वाढवावी का? : 'द ब्रेकथ्रू'च्या निमित्ताने

चार्ल्स ग्रेबर या अमेरिकन पत्रकाराचे 'द ब्रेकथ्रू' हे पुस्तक नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या महिनाभर आधी, १ ऑक्टोबरला, अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होन्जो यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. पुस्तकाचा विषय आणि पारितोषिकाचा विषय एकच : शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींकरवी कर्करोगावर उपचार करणे. प्रकाशकाला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. हे पुस्तक शिक्षकांनी आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे आम्हाला वाटते. ते वाचताना त्याच्याशी थोडे भांडावे असेही वाटते, आणि हा लेख मुख्यतः त्या भांडणाचा आहे.

आधी चांगले ते सांगू. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार हे कर्करोगावरचे तीन परिचित मार्ग. तिन्हींत गाठीवर थेट घाव घातला जातो : ती कापली जाते, जाळली जाते किंवा विषाने मारली जाते. चौथ्या मार्गात औषध गाठीला हातही लावत नाही. ते टी पेशींवर काम करते आणि पुढचे काम टी पेशी करतात. सिद्धार्थ मुखर्जी यांचे 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' हे २०१० सालचे गाजलेले पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना आठवेल की या चौथ्या मार्गाला त्यात फार थोडी जागा होती. तो मुखर्जींचा दोष म्हणता येणार नाही. ते पुस्तक बाजारात आल्यावर चार महिन्यांनी, २५ मार्च २०११ रोजी, या जातीचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले. ग्रेबर यांनी ती रिकामी जागा भरून काढली आहे. टी पेशी चालू होण्यासाठी दोन वेगवेगळ्या खुणा लागतात, त्यानंतर तिला थांबवणारी तिसरी खूण असते, ही गुंतागुंत त्यांनी गप्पा मारल्यासारख्या भाषेत उलगडली आहे. विज्ञानलेखकाला हे साधणे सोपे नसते.

आमची तक्रार गोष्टीच्या घाटाबद्दल आहे. पुस्तकाचे नावच 'ब्रेकथ्रू', उपशीर्षकात कर्करोग बरा करण्याची 'शर्यत'. एक द्रष्टा, त्याच्याकडे शंभर वर्षे झालेले दुर्लक्ष, मग काही हट्टी माणसे आणि शेवटी विजय, अशी ही मांडणी. मांडणी अशी असली की वाचकाच्या मनात पक्के बसते ते हे, की शरीरात कर्करोगाला मारणारी एक शक्ती झोपलेली होती, ती कोणीतरी जागी केली. ग्रेबर यांनी हे वाक्य लिहिलेले नाही. त्यांनी ब्रेकची यंत्रणा नीट समजावली आहे. पण गोष्टीचा घाट स्पष्टीकरणापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

त्या द्रष्ट्यापासूनच सुरुवात करू. विल्यम कोली हे न्यूयॉर्कमधले तरुण शल्यविशारद. १८९० मध्ये त्यांच्याकडे हाताच्या हाडाचा कर्करोग झालेली सतरा वर्षांची एक मुलगी आली. हात कापूनही ती काही महिन्यांत गेली. अस्वस्थ झालेल्या कोलींनी रुग्णालयाची जुनी नोंदबुके चाळली आणि त्यांना एक विलक्षण नोंद सापडली. मानेवर पुन्हा पुन्हा उगवणारी गाठ असलेल्या एका जर्मन स्थलांतरिताला इस्पितळात असताना इरिसिपेलस झाला होता. जुन्या मराठीत याला धावरे म्हणत. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे कातडी लालबुंद होते, सणकून ताप येतो. ताप उतरला तेव्हा गाठही गेली होती. कोलींनी गरीब वस्तीत हिंडून तो माणूस शोधून काढला. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. १८९१ मध्ये कोलींनी दुसऱ्या एका रुग्णाला मुद्दाम जिवंत जंतू टोचले. बऱ्याच प्रयत्नांनी त्याला जोराचा ताप आला, गाठ विरघळली आणि तो आणखी आठ वर्षे जगला. पुढे काही रुग्ण जंतुसंसर्गानेच दगावले, म्हणून कोली मारलेले जंतू वापरू लागले. 'कोलींचे टॉक्सिन' या नावाने हे मिश्रण कंपनीने तयार करून विकलेही.

यानंतर लोकप्रिय पुस्तकांत नेहमी येतो तो दुर्लक्षाचा अध्याय. क्ष-किरणांची फॅशन आली, वरिष्ठांनी कोलींना मोडीत काढले, १९३६ मध्ये ते वारले आणि १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांची पद्धत असिद्ध उपचारांच्या यादीत टाकली. वाचकाने हळहळावे अशीच ही रचना आहे. आम्ही मात्र येथे थोडे थांबून त्या वरिष्ठांची बाजू मांडू इच्छितो. कोलींच्या मिश्रणाच्या डझनाहून अधिक कृती प्रचारात होत्या. कोणती किती प्रबळ, हे सांगता येत नव्हते. कोणी ते गाठीत टोचत, कोणी स्नायूत, कोणी शिरेत. अनेक रुग्णांचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नक्की केलेला नव्हता. तुलनेसाठी टॉक्सिन न दिलेल्या रुग्णांचा गट नव्हता. आणि कशामुळे काय घडते याचे स्पष्टीकरण कोणाकडेच नव्हते. टी पेशी नावाची वस्तू असते हे कळायला अजून सत्तर वर्षे होती. अशा वेळी जो डॉक्टर ठराविक मात्रेत मोजता येणाऱ्या किरणांकडे वळला, त्याला कोत्या मनाचा म्हणणे अन्याय आहे. कोलींचे निरीक्षण खरे होते आणि त्यांच्यावरचे आक्षेपही खरे होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात शोधावे लागेल.

दुर्लक्षाचा अध्याय रंगवण्याचा तोटा असा, की आज कोणीही भोंदू तोच अंगरखा चढवून उभा राहू शकतो. "कोलींनाही हसले होते" हे वाक्य गावोगावच्या चमत्कारी औषधवाल्यांना फार उपयोगी पडते. ज्यांना हसले आणि जे खरोखर चुकीचेच निघाले, अशांवर पुस्तके निघत नाहीत, एवढाच काय तो फरक.

कोलींच्या वाटेने गेलेला एक उपचार मात्र टिकला आणि तो आपल्या फार जवळचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीच्या लसीचा वण असतो. क्षयाविरुद्धच्या या लसीतले दुबळे केलेले जिवंत जंतू मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या मर्यादित कर्करोगात थेट मूत्राशयात सोडले, तर गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण घटते, असे कॅनडात आल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये दाखवले. १९९० मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि आजही हा त्या रोगावरचा मान्य उपचार आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मुलांसाठीची बीसीजी बनवते, तशीच या कामासाठीचीही बनवते. यात शर्यत नाही, विजयही नाही. ठराविक मात्रा, ठराविक जागा आणि गाठीचा ठराविक टप्पा एवढेच आहे.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, पाठ्यपुस्तकांत रुळला आहे, पण त्यातल्या 'शक्ती'ने आपला घोटाळा करून ठेवला आहे. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते, आणि जास्त असलेली बरी. त्यातूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' ही हाक येते. काढे, भुकट्या, कसले कसले थेंब या हाकेवर विकले जातात, आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी तर ते हमखास पोचतात. शेतीचा तुकडा विकून उपचार करणारे कुटुंब त्यांवरही खर्च करते, आणि कधी कधी त्यांच्या भरवशावर इस्पितळाची पाळी चुकवते. गावात विज्ञान शिकलेला माणूस म्हणून लोक शिक्षकांनाच विचारतात, "गुरुजी, हे घेऊ का?" तेव्हा हा शब्द तपासून घेणे ही केवळ भाषेची हौस नाही.

गेल्या तीस वर्षांतल्या प्रयोगांनी या 'वाढवण्या'बद्दल काय सांगितले ते पाहा. टी पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-२८ नावाचे प्रथिन असते. ते दाबले गेले की पेशीला वेग येतो. तो तिचा ॲक्सिलरेटर. त्याच्यासारखेच दिसणारे सीटीएलए-४ हे दुसरे प्रथिन १९८७ मध्ये फ्रान्समध्ये सापडले. दिसायला सारखे म्हणून काही संशोधकांना तोही ॲक्सिलरेटरच वाटला. ॲलिसन आणि जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की तो ब्रेक आहे. १९९५ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांची 'प्रतिकारशक्ती' खऱ्या अर्थाने वाढलेली होती. टी पेशी अफाट वाढल्या, हृदयात, यकृतात, स्वादुपिंडात घुसल्या आणि ती पिल्ले तीन-चार आठवड्यांची होऊन मेली. होन्जो यांना १९९२ मध्ये सापडलेला पीडी-१ हा दुसरा ब्रेक तुलनेने सौम्य. तो काढलेल्या उंदरांना उतारवयात सांध्यांचे आणि मूत्रपिंडांचे विकार झाले, तर उंदरांच्या एका जातीत हृदय निकामी झाले.

उंदरांवर न थांबता माणसाकडे येऊ. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना एक नवे प्रतिपिंड टोचण्यात आले. सीडी-२८ हा ॲक्सिलरेटर थेट दाबणारे हे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी आणि संधिवाताच्या एका प्रकारासाठी तयार होत होते. प्राण्यांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग त्यांना दिला होता. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, थंडी, उलट्या सुरू झाल्या, आणि काही तासांत त्यांची फुप्फुसे व मूत्रपिंडे ढासळू लागली. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागात उपचार घेऊन. एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवणारा एसटीचा चालक कोणी शूर म्हणणार नाही. 'वाढवा' म्हणताना आपण नेमके तेच मागत असतो. बाजारातल्या भुकट्या त्यांच्या नावाप्रमाणे वागत नाहीत, हे एका परीने भाग्यच म्हणायचे.

ॲलिसन यांची कल्पना वाढवण्याची नव्हती. गाठीच्या आसपास पोचलेल्या, तिला ओळखणाऱ्या टी पेशी आधीच तेथे असतात, पण ब्रेक लागून उभ्या असतात; तर तो ब्रेक थोडा काळ झाकून पाहू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९९६ मध्ये उंदरांत ते जमले. २०१० मध्ये पसरलेल्या मेलानोमा या कातडीच्या कर्करोगात इपिलिमुमॅब या औषधाने मध्यम आयुर्मान साडेसहा महिन्यांवरून दहा महिन्यांवर गेले. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यापुढची रेष महत्त्वाची. सुमारे पाचातला एक रुग्ण तीन वर्षांनंतरही जिवंत होता, आणि तेथून पुढे ती रेष जवळजवळ आडवी चालली. पूर्वी अशा रुग्णांच्या आलेखात आडवी रेष दिसतच नसे.

ब्रेक झाकण्याची किंमतही आहे आणि ती उंदरांनी आधीच सांगितली होती. इपिलिमुमॅब आणि पीडी-१ झाकणारे निव्होलुमॅब ही दोन्ही औषधे एकत्र दिली, तेव्हा २०१५ च्या मोठ्या चाचणीत ५५ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले : आतड्यांची सूज, यकृताची सूज, थायरॉइड ग्रंथी बंद पडणे. काहींना इन्सुलिन घ्यावा लागणारा मधुमेह झाला. क्वचित हृदयाच्या स्नायूंवर हल्ला होतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. वर्गात इन्सुलिन घेणारे एखादे मूल असेल, तर त्याच्या स्वादुपिंडातल्या पेशी त्याच्याच टी पेशींनी मारलेल्या असतात. त्याची प्रतिकारशक्ती कमी म्हणायची की जास्त? हा प्रश्न फळ्यावर लिहून तास सुरू करता येईल. त्या मुलाची मात्र आधी परवानगी घ्यावी.

१९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या प्रयोगशाळेत एक पदार्थ सापडला. जंतूंचे विष टोचलेल्या उंदरांच्या रक्तात तो उतरतो आणि गाठ सडवतो, म्हणून त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. कोलींचे कोडे सुटले असे वाटले. पण तो रुग्णाच्या शिरेतून दिला तर रक्तदाब कोसळतो, अशी विषारी वस्तू निघाली. आज जगभर लक्षावधी रुग्णांना या पदार्थाशी संबंधित औषधे दिली जातात, ती संधिवातात आणि आतड्यांच्या विकारांत, आणि ती त्याला अडवण्यासाठी. एकच रेणू एका रुग्णाला वाढवून हवा होता, दुसऱ्याला अडवून हवा आहे. 'शक्ती' या शब्दात हे कसे बसवायचे? त्यापेक्षा 'प्रतिकारव्यवस्था' म्हणावे असे आम्ही सुचवू. व्यवस्था वाढवा असे कोणी म्हणत नाही. ती कोठे अडली आहे, असे विचारतो.

पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, हे चित्रही याच घराण्यातले. ग्रेबर यांनाही त्याचा मोह आवरलेला नाही आणि आमच्यापैकी अनेकांना व्याख्यानात तो आवरत नाही. जंतूंच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालते. गाठीत शिरले की मोडते. तेथे सापडणाऱ्या महाभक्षक पेशी पुष्कळदा गाठीला नव्या रक्तवाहिन्या काढून देतात, आसपासच्या ऊती सैल करून तिला वाट करून देतात. ही फितुरी नव्हे. जखम भरून काढणे हे या पेशींचे रोजचे काम आहे, आणि गाठ त्यांना न भरणाऱ्या जखमेसारखी भासते. हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठींना असेच म्हटले होते. शिवाय टी पेशींचा एक गट असा आहे की ज्याचे कामच इतर टी पेशींना आवरणे. शिमोन साकागुची यांनी तो १९९५ मध्ये दाखवला; मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचे जनुक शोधले; तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले. हे पुस्तक आज लिहिले गेले असते, तर या पेशींना अधिक जागा मिळाली असती असे वाटते. सेनेच्या रूपकात मात्र त्यांना जागा सापडणार नाही.

पुस्तकातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग रॉबर्ट श्रायबर यांच्या कामाचा. शरीर कर्करोगाच्या पेशी उगवताच टिपते का, हा जुना वाद. १९७४ मध्ये ओसियास स्टुटमन यांनी टी पेशी नसलेल्या केसविरहित उंदरांना कर्करोग आणणारे रसायन टोचले. त्यांना गाठी साध्या उंदरांइतक्याच झाल्या. प्रयोग चोख होता, निष्कर्ष सरळ होता, आणि त्याने हा विषय पंचवीस वर्षे थंड केला. नंतर उलगडले की त्या उंदरांत थोड्या टी पेशी होत्याच. दुसऱ्या जातीच्या मारक पेशी तर भरपूर होत्या. आणि उंदरांची ती जात त्या रसायनाला विशेष बळी पडणारी होती. २००१ मध्ये श्रायबर आणि ओल्ड यांनी टी आणि बी पेशी पूर्णपणे नसलेले उंदीर घेतले, तेव्हा फरक स्पष्ट दिसला. त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. प्रतिकारव्यवस्था नसलेल्या उंदरात वाढलेली गाठ काढून धडधाकट उंदरात लावली, तर पुष्कळदा ती नाकारली जाई. धडधाकट उंदरात वाढलेली गाठ मात्र दुसऱ्या धडधाकट उंदरात खुशाल रुजे. म्हणजे प्रतिकारपेशींनी सहज ओळखू येणाऱ्या पेशी निवडून मारल्या होत्या आणि न ओळखू येणाऱ्या मागे ठेवल्या होत्या. डार्विनची निवड एका शरीराच्या आत चालते, आणि निवड करणारे आपलेच रक्षक असतात. उत्क्रांती आणि रोगप्रतिकार ही दोन प्रकरणे आपण वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतो. येथे ती एकमेकांत मिसळतात.

या निवडीला तोल राखण्याचाही एक टप्पा असतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. स्कॉटलंडमधल्या एका स्त्रीचा मेलानोमा काढल्यावर ती सोळा वर्षे निरोगी होती. मृत्यूनंतर तिची मूत्रपिंडे दोघांना बसवली गेली. प्रतिकार दडपणारी औषधे घेणाऱ्या त्या दोघांनाही तिचा मेलानोमा झाला. सोळा वर्षे त्या पेशी तिच्या शरीरात होत्या, आवरलेल्या स्थितीत.

'पेनिसिलिनचा क्षण' या ग्रेबर यांच्या उपमेशी आमचे पटत नाही. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीवर काम करते आणि ती भिंत आपल्या पेशींना नसतेच. ब्रेक झाकणारी औषधे रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर काम करतात, म्हणून प्रत्येक रुग्णात निकाल वेगळा. अमेरिकेतल्या कर्करुग्णांपैकी २०१८ मध्ये सुमारे ४४ टक्के या औषधांना पात्र ठरत होते, पण गाठ आकसण्याइतका उपयोग सुमारे साडेबारा टक्क्यांनाच होईल, असा अंदाज एका अभ्यासाने मांडला होता. बहुतेकांना उपयोग होत नाही हे ग्रेबर लपवत नाहीत, हे खरे. पण उपमा जे गृहीत धरायला लावते ते आकड्यांच्या उलट आहे. उपमेचे आणखी एक अंग असे, की पेनिसिलिन दोन-तीन वर्षांतच स्वस्त झाले होते.

उपमांचा मोह वर्तमानपत्रांनाही होतो. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली की डोस्टार्लिमॅब या औषधाने गुदाशयाच्या कर्करोगाचे बाराच्या बारा रुग्ण गाठमुक्त झाले, शस्त्रक्रिया आणि किरणांशिवाय. बातमी खरी आणि विलक्षण होती. आपल्याकडच्या कितीतरी मथळ्यांत ती 'कॅन्सरवर शंभर टक्के औषध' अशी आली. वगळले गेले ते हे, की या बारा जणांच्या गाठींत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. अशा गाठींत उत्परिवर्तने शेकड्यांनी असतात, म्हणून टी पेशींना त्या परक्या वाटतात. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. बाकीच्यांना या मथळ्याने काय दिले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

पुस्तक अमेरिकेत घडते, त्यामुळे किमतीचा प्रश्न त्यात विमा कंपनीच्या भाषेत येतो. आपल्या वाचकाने तो वेगळ्या रीतीने विचारायला हवा. टी पेशी शरीराबाहेर काढून, त्यांत गाठ ओळखणारे कृत्रिम प्रथिन बसवून परत सोडण्याचा 'कार-टी' उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. त्याच धर्तीचा 'नेक्सकार-१९' मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक केंद्रात विकसित झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. तोही बहुसंख्यांना परवडणारा नाही, आणि तो बी पेशींपासून उद्भवणाऱ्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांपुरताच आहे.

आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो तो टाटा स्मारक रुग्णालयाचाच दुसरा प्रयोग, कारण त्याचा विषय तंबाखूच्या आपल्या देशातला नेहमीचा रोग आहे : तोंडाचा, घशाचा, डोक्यामानेचा कर्करोग. निव्होलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. ती देणे येथे फारच थोड्यांना शक्य होते. पण सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते की अगदी थोड्या औषधानेही टी पेशींवरचे पीडी-१ जवळजवळ तितकेच झाकले जाते. मात्रा वाढवली म्हणून ते त्या प्रमाणात अधिक झाकले जात नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले. त्यासोबत कमी मात्रेच्या तीन स्वस्त गोळ्या होत्या. रोग बराच पुढे गेलेल्या १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर १६.३ टक्के जिवंत होते. गोळ्यांबरोबर हे थोडेसे औषध घेणाऱ्यांपैकी ४३.४ टक्के. निकाल २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. या चाचणीत थोड्या मात्रेची तुलना 'काहीच नाही'शी झाली होती, पूर्ण मात्रेशी नव्हे. ती दुसरी तुलना करण्यात औषध विकणाऱ्याला रस असण्याचे कारण नाही. ती सरकारी पैशावर चालणाऱ्या आपल्यासारख्या देशांतल्या रुग्णालयांनाच करावी लागेल.